शेवंतामावशी आणि दिल्लीची समिती

शेवंता भोईरला मी पहिल्यांदा पाहिलं ते पोलीस चौकीच्या व्हरांड्यात. तिच्या मुठीत एका कारखान्याच्या मुकादमाची कॉलर होती. त्या माणसाचा ओठ फाटला होता, शर्टावर रक्त सांडलं होतं आणि तो हवालदाराला विनवत होता, "साहेब, मला आत घ्या. कोठडीत टाका पाहिजे तर. पण हिला लांब करा." त्याला पकडून आणलं होतं ते पोलिसांनी नव्हे, तिनंच. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या कारखान्याच्या गेटपासून चौकीपर्यंत, भर दुपारी, भर रस्त्यातून ती त्याला ओढत घेऊन आली होती. रिक्षावाले थांबून बघत होते म्हणे, पण मध्ये कुणी पडलं नाही.

"हा माज्या नवऱ्याला चोर बोलला," ती हवालदाराला सांगत होती. "लिव."

हवालदार म्हणाला, "बाई, मारलंयस तू. गुन्हा तुझ्यावर होईल."

"व्हवू दे. माजा बी लिव. आधी याचा लिव."

मी दुसऱ्याच एका अशिलाच्या कामासाठी तिथं बाकावर बसले होते. अंगावर वकिलीचा पांढरा-काळा पोशाख होता. तिची नजर माझ्यावर पडली. "तू कोन?"

"वकील आहे."

"मग तोंड शिवून का बसलीस? बोल काहीतरी."

माझी आणि तिची ओळख झाली ती अशी. त्या दिवसापासून तिचं प्रकरण माझ्याकडे आलं आणि पुढची काही वर्षं ती माझ्या आयुष्यात वादळासारखी येत-जात राहिली. ती मला 'बाय' म्हणायची, मी तिला मावशी.

प्रकरण असं होतं. त्याच्या महिनाभर आधी त्या कारखान्यात स्फोट झाला होता. सकाळची पाळी नुकतीच लागली होती. रसायन शिजवायची मोठी टाकी फुटली आणि शेडचे पत्रे रस्त्यापलीकडे जाऊन पडले. शेवंतामावशी शेजारच्या शेडमध्ये पॅकिंगला होती. बाकीच्या बायका गेटकडे पळाल्या, ही आगीकडे गेली. तिनं दोन माणसं जिवंत ओढून काढली. तिसऱ्यांदा आत शिरली तेव्हा वरून जळतं काहीतरी तिच्या मानेवर पडलं. मान, खांदा आणि अर्धी पाठ सोलवटून निघाली. तिचा नवरा मोरेश्वर तिला सापडला तो दुपारी, आग विझल्यावर. चेहऱ्यावरून ओळखता येत नव्हता. मनगटातल्या कड्यावरून तिनं ओळखला. त्याच्याबरोबर आणखी दोघे गेले होते. एक उल्हासनगरचा राजू आणि दुसरा उत्तर प्रदेशातून आलेला रामसजीवन, ज्याचं इथं कुणीच नव्हतं.

तिघेही ठेकेदाराची माणसं. ठेकेदाराचं नाव बबनशेठ. बदलापूर गावाजवळचाच, मावशीच्या सासरकडून लांबचा पाहुणा, लग्नकार्यात तिला वहिनी म्हणून हाक मारणारा. स्फोटानंतर दुसऱ्याच दिवशी त्यानं पोलिसांत जबाब दिला, की या तिघांना आपण आधीच कामावरून काढलं होतं. ते भिंतीवरून उडी मारून पिंपांतलं रसायन चोरायला शिरले, बिडी पेटवली आणि त्यामुळे स्फोट झाला. कारखान्याच्या मालकांनीही तोच सूर धरला. म्हणजे मेलेली माणसं कामगार नव्हतीच. कामगार नव्हती म्हणून भरपाई नाही, सरकारी विम्यातून बायकामुलांना दरमहा मिळणारं निवृत्तिवेतन नाही. वर जळून मेल्याचा दोषही त्यांच्यावरच.

"मोरेश्वरनं जल्मात बिडी वढली नाय," मावशी म्हणायची. "दारू प्यायचा. लिवायची तर दारू लिवा. बिडी कशाला लिवता?"

मोरेश्वरबद्दल ती फार हळवं कधी बोलली नाही. एकदा मी विचारलं, संसार कसा होता. ती माझ्याच डब्यातली पोळी तोडत होती. दुसऱ्याच्या डब्यातलं न विचारता खायची तिची सवय होती आणि त्याबदल्यात ती आपल्या पिशवीतली तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी समोर ठेवायची. म्हणाली, "पयल्या वर्साला त्यानं मारलं. दुसऱ्या वर्साला मी मारलं. मग संसार लागला." मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. तिच्या लेखी ती नुसती माहिती होती.

मारणं तिला नवं नव्हतंच. बदलापूर गावात तिच्या हाताच्या कथा होत्या. शेताच्या बांधावरून दिराचा खांदा निखळवला होता. स्वतःच्या सुनेला जाळायची धमकी देणाऱ्या एका शेजाऱ्याला तिनं विहिरीत ढकललं होतं आणि मग स्वतःच दोर सोडून वर काढलं होतं. उंचीनं बेताची, पण हाडापेरानं रुंद. तळहात फावड्यासारखे. पण तिचा एक नियम होता. बसलेल्या माणसाला ती मारत नसे. आधी म्हणायची, "उठ." माणूस उठला की मारायची. हा नियम कुठून आला, ते तिलाही सांगता यायचं नाही.

एका सरकारी कार्यालयात मी तिला घेऊन गेले होते. तिथल्या कारकुनानं सभ्यपणे सांगितलं, की मोरेश्वर भोईर या नावाचा कामगार नोंदलेलाच नाही, त्यामुळे अर्ज घेता येत नाही. मावशीनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "उठ." त्याला तिची कीर्ती कुणीतरी सांगितलेली असावी. तो उठला नाही. आम्ही त्याच्या टेबलासमोर बसून राहिलो. त्याचे सहकारी चहाला गेले, जेवायला गेले. हा खुर्चीला चिकटलेला. शेवटी संध्याकाळी त्यानं बसल्या बसल्याच अर्ज घेतला आणि पोच दिली. बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "गरीब व्हता. मारलं नसतं."

माझा मात्र त्यावर विश्वास बसला नाही.

रामसजीवनचं नाव ती कुणालाही विसरू द्यायची नाही. राजूची आई होती, मोरेश्वरची बायको होती. त्या पोराचं भांडायला कुणी नव्हतं. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या माझ्या ऑफिसाखाली कपड्यांच्या चेनचं होलसेल दुकान होतं. त्या दुकानदाराकडून तिनं हिंदीत पत्र लिहवून घेतलं आणि रामसजीवनच्या गावी पाठवलं. दुकानदार मला म्हणाला, "मॅडम, पत्र क्या, पूरी गाली लिखवाई बुढ्ढी ने. मैंने थोड़ा साफ करके लिखा." पत्र मिळाल्यावर त्याचा म्हातारा बाप आला, आठ-दहा दिवस मावशीच्या घरी राहिला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. संध्याकाळी ओटीवर दोघं शेजारी बसून राहायची.

मग तिच्यावर हल्ला झाला.

सकाळची, पाणी भरायची वेळ होती. बदलापूर गावातल्या तिच्या घराच्या मागच्या गल्लीत तोंडाला फडकी बांधलेली तीन माणसं मोटरसायकलींवरून आली. हातात लोखंडी पाइप. पहिला फटका तिच्या डाव्या हातावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज शेजारच्या घरात ऐकू गेला. दुसरा बरगड्यांवर. ती खाली पडली तेव्हा एकानं तिच्या भाजलेल्या मानेवर पाय दिला. तिथली कातडी अजून कोवळीच होती. तिनं तोच पाय धरला, माणसाला खाली ओढला आणि त्याचा कान दातांत धरला. तो किंचाळायला लागला. तोवर दारं उघडली, बायका हंडे-कळशा घेऊन धावल्या, तेव्हा ते पळाले. पाण्याचा हंडा उपडा पडला होता आणि गल्लीभर लाल पाणी वाहत होतं, असं शेजारणीनं मला सांगितलं.

मी दवाखान्यात गेले. तिचं तोंड सुजून एक डोळा बंद झाला होता. मला बघून ती हसली.

"एकाचा कान माज्या तोंडात आयला व्हता, बाय. तुटला नाय. जून व्हता."

पोलीस जबाब घ्यायला आले. तिनं सांगितलं, फडकी होती, कुणालाच ओळखलं नाही. ते गेल्यावर मला जवळ बोलावलं.

"एकाला वलखला मी. राजूचा भाव. जितू."

मला खरं वाटेना. जितू म्हणजे स्फोटात मेलेल्या राजूचा थोरला भाऊ, बायको-मुलांचा माणूस. तो बबनशेठच्या टेंपोवर चालक होता हे मला ठाऊक होतं. पण स्वतःचा भाऊ ज्याच्यामुळे गेला, त्याच्या सांगण्यावरून तो हिला मारायला येईल?

"कशावरून ओळखलंस? तोंड तर बांधलेलं."

"मारताना तो रडत व्हता," ती म्हणाली. "बाकीचे दोगं शिव्या देत व्हते. हा रडत व्हता."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता नाव सांगूया. तिनं उजव्या हातानं माझा दंड दाबला. अजून आठवतं, बोटं उमटली होती. "त्याच्या आईचा एक पोरगा जलून मेला. दुसरा मी तुरुंगात घालू? मग ती म्हातारी आपले बाजूला ऱ्हाईल काय? बबन्याला हेच पायजे."

दवाखान्यातून सुटली त्याच आठवड्यात ती मला घेऊन राजूच्या आईकडे गेली. उल्हासनगरात, शहाडच्या बाजूला, एका खोलीचं घर. हाताला प्लास्टर, बरगड्यांना पट्टा, चालताना दम लागत होता. म्हातारीनं चहा टाकला. जितू पलंगाच्या कडेला मान खाली घालून बसला होता. त्याची बायको भाजी निवडत होती.

मावशी म्हणाली, "जितू, उठ."

तो उठला. त्यानं हात वर केला नाही, तोंड वळवलं नाही. मावशीनं चांगल्या हातानं एकच ठेवून दिली. तो भांड्यांच्या मांडणीवर जाऊन आदळला. पातेली, डबे, ताटल्या सगळं त्याच्या अंगावर कोसळलं. म्हातारी ओरडत मध्ये आली, "काय गं, माझ्या पोराला का मारतेस? एक गेला तेवढा पुरे नाही का?"

"त्यालाच इचार," मावशी म्हणाली, आणि खाली बसून चहा प्यायली.

जितूनं भांड्यांच्या ढिगाऱ्यात बसूनच आईला सांगितलं. बबनशेठनं धमकी दिली होती, की नाही गेलास तर टेंपो जाईल आणि पुढची पाळी तुझ्या पोरांची. म्हातारीनं ऐकून घेतलं. मग तिनं चुलीजवळची फुंकणी उचलली आणि ती त्याला मारत सुटली, खांद्यावर, पाठीवर, हात थकेपर्यंत. मावशीनंच तिला आवरलं. "पुरे म्हातारे. कामाला येल तो."

दिल्लीच्या समितीची बातमी त्यानंतर काही महिन्यांनी आली. खासदारांची एक समिती औद्योगिक भागांत फिरत होती. कंत्राटी कामगारांना विमा, निवृत्तिवेतन, अपघाताची भरपाई खरोखर मिळते का, सरकार संसदेत जे सांगतं ते जमिनीवर कितपत उतरतं, हे ती तपासत होती. मी निवेदन पाठवलं होतं. उत्तर आलं, की अंबरनाथच्या बैठकीत श्रीमती भोईर यांना आपलं म्हणणं मांडता येईल.

मी तिला समजावायला बदलापूरला गेले. ती अंगणात भात पाखडत होती. मोडलेला हात नीट जुळला नव्हता, कोपरात वाकडाच राहिला होता.

"ही मानसं सरकारला काय करतात? मारतात?"

"नाही. प्रश्न विचारतात."

"प्रश्नानं काय व्हतंय?"

"सरकारला उत्तर द्यावं लागतं. लेखी."

"खोटं दिलं तर?"

"तर ते खोटं त्यांच्या नावावर लिहून राहतं. पुढच्या वेळी त्याच खोट्यावरून पुन्हा प्रश्न विचारता येतो."

तिनं सूप थांबवलं, जरा विचार केला. "लिवलेलं दुखत नाय कोनाला," म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली. पण यायला तयार झाली. मी तिच्याकडून शपथ मागितली, की काहीही झालं तरी तिथं हात उचलायचा नाही. ती म्हणाली, "शपत नाय घेत. खोटी परली तर मोरेश्वरला लागंल. परयत्न करीन."

बैठक एमआयडीसीतल्या एका सभागृहात होती. टेबलांवर पांढरी कापडं, पाण्याच्या बाटल्या, पुष्पगुच्छ. बातमीदारांना आत सोडलं नव्हतं. एका बाजूला खासदार, समोर अधिकारी, मागे कारखानदार आणि ठेकेदार. त्यांत तिसऱ्या रांगेत बबनशेठ, पांढरा कडक शर्ट घालून. त्याच्यामागे त्याची दोन माणसं आणि अजून त्याच्याच टेंपोवर असलेला जितू. समितीच्या अध्यक्ष एक बाई होत्या, वयस्क, बारीक, सुती साडीतल्या. त्या हिंदीत बोलायच्या आणि फार हळू बोलायच्या, त्यामुळे सगळं सभागृह कान देऊन ऐकायचं. कोपऱ्यात दोन लघुलेखक बोललेलं सगळं उतरवून घेत होते.

अधिकाऱ्यांनी पडद्यावर योजना दाखवल्या. मग अध्यक्षबाईंनी त्या स्फोटाचा विषय काढला. "जो तीन लोग मरे, वे मज़दूर थे या नहीं?"

अधिकारी म्हणाला, "मॅडम, रेकॉर्ड के अनुसार नहीं थे."

"मैंने रेकॉर्ड नहीं पूछा. मैंने पूछा, थे या नहीं."

अधिकारी शेजारच्याकडे बघायला लागला. अध्यक्षबाईंनी मावशीला बोलवायला सांगितलं.

मावशी उभी राहिली. ती कुणालाही 'तू' शिवाय बोलत नसे, तिथंही नाही. मी बाजूला उभी राहून हिंदीत सांगत होते. तिनं स्फोट सांगितला. आवाज न चढवता, जसा घडला तसा. पत्रे कसे उडाले. आत शिरल्यावर पायाखाली काय मऊ लागलं. रामसजीवन अजून जिवंत होता आणि पाणी मागत होता, पण त्याला उचलायला हात लावला तर कातडी तिच्या हाताला चिकटून आली. तिनं पाणी दिलं आणि तो पिता पिताच गेला. एक तरुण खासदार उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

"आनि मोरेश्वर मना शेवटाला मिलाला," ती म्हणाली. "कड्यावरून वलखला. तो सकाली माज्याबरोबर आयला व्हता. कामाला."

एका सदस्यांनी विचारलं, "कागज़ कहता है वे नौकरी से निकाले जा चुके थे. फिर वे वहाँ क्यों थे?"

मी मराठीत सांगायच्या आतच तिसऱ्या रांगेतून आवाज आला. हळू होता, शेजारच्याला ऐकू जाईल एवढाच. पण सभागृह इतकं शांत होतं, की सगळ्यांनी ऐकला. "चोरी करायला."

मावशी वळली. "कोन बोलला? उठ."

बबनशेठ बसून राहिला असता तर पुढचं घडलं नसतं. पण खासदारांसमोर, कारखानदारांसमोर, गावातल्या एका बाईनं म्हटल्यावर बसून राहणं त्याला कमीपणाचं वाटलं असावं. तो उठला. मी तिचा पदर धरला. पदर माझ्या हातात राहिला आणि ती पुढे गेली. तिची भाजलेली मान, पाठ सगळ्यांना दिसली. पुढच्या क्षणी तिची मूठ बबनशेठच्या नाकावर बसली. नाकाचं हाड मोडलं. तो खुर्च्यांसकट मागे पडला, तसाच उठला आणि त्यानं तिच्या पोटात लाथ घातली. ती दुमडली, टेबलाला धडकली; पांढरं कापड, बाटल्या, फुलं सगळं खाली आलं. त्याची माणसं पुढे झाली. जितूनं त्यातल्या एकाला मागून मिठी घातली आणि दोघं जमिनीवर लोळायला लागले. दुसऱ्यानं खुर्ची उचलून जितूच्या पाठीत घातली. दोन खासदार दाराकडे धावले. अधिकारी "बैठक रद्द, बैठक रद्द" ओरडत होते. पोलीस आत शिरले आणि त्यांनी पहिली काठी मावशीलाच मारली.

अध्यक्षबाई जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांनी माइकवर दोनदा बोट आपटलं. "कोई बाहर नहीं जाएगा," त्या त्याच हळू आवाजात म्हणाल्या. "मेरा सवाल अभी बाकी है."

हळूहळू सगळे थांबले. दोन पोलिसांनी मावशीला दोन्ही दंडांना धरलं होतं. बबनशेठच्या शर्टावर रक्ताचा पट्टा उतरला होता. अध्यक्षबाईंनी त्याला विचारलं, "आप इस औरत को जानते हैं?"

बबनशेठनं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. एका बाईनं चारचौघांत मारलं होतं, त्याला दुसरं काही दिसत नव्हतं. "जानता हूँ? मॅडम, मैंने पाला है इनको. दोनों को, मियाँ-बीवी को, मैंने काम दिया. उस दिन सुबह भी दोनों मेरे ही टेंपो से आए. मेरे टेंपो से. और ये मेरे ऊपर हाथ उठाती है?"

लघुलेखकांची बोटं तेवढी चालू होती.

"उस दिन सुबह," अध्यक्षबाई म्हणाल्या. "यानी विस्फोट के दिन?"

कारखान्याच्या वकिलानं बबनशेठचा हात धरून त्याला खाली ओढलं. पण बोलून झालं होतं, उतरूनही झालं होतं.

तेवढ्यात जितू जमिनीवरून उठला. कपाळावरून रक्त वाहत होतं. "टेंपो मैं चलाता था मॅडम," तो म्हणाला. "मेरा भाई भी उसी में था."

मावशीला पोलीस घेऊन निघाले. अध्यक्षबाईंनी तिला थांबवलं. "मारना ठीक नहीं था," त्या म्हणाल्या. मी मराठीत सांगितलं. मावशी म्हणाली, "व्हय. ठीक नव्हतं." आणि गेली.

कोठडीत मी तिला विचारलं, मावशी, तो चिडला की खरं बोलून जाईल, हे तुला माहीत होतं का? ती पोट धरून भिंतीला टेकून बसली होती. "इचार करून मारतात काय कोनी?" म्हणाली. "मना वाटलं तो परत चोर बोलंल, नि मी परत मारीन. येवराच बेत व्हता."

त्याची किंमत तिनं मोजली. त्या लाथेनंतर पंधरवडाभर तिला लघवीतून रक्त जात होतं. बबनशेठच्या माणसांनी तिच्या खळ्यात रचलेल्या भाताच्या उडव्या पेटवल्या. जितूला त्यांनी उल्हास नदीच्या पुलापाशी गाठून त्याचा पाय मोडला. तो आजही लंगडतो. मारहाणीच्या खटल्यात न्यायाधीशांनी तिला विचारलं, गुन्हा कबूल आहे का. "मारला मी," ती म्हणाली. "पन नाकावर मारला. तू वाचलंस त्यात तोंडावर हाय. नीट लिव." तिला कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा झाली. ती दिवसभर बाकावर बसली आणि इतर लोकांचे खटले मन लावून ऐकले.

समितीचा अहवाल पुढच्या अधिवेशनात संसदेत ठेवला गेला. त्यात आमच्या स्फोटावर एक परिच्छेद होता. सरकारचं उत्तर आलं, शिफारशीची नोंद घेतली आहे आणि संबंधितांना कळवलं आहे. मला वाटलं, संपलं. पण अध्यक्षबाईंनी ते सोडलं नाही. समितीनं पुन्हा लिहिलं, की हे उत्तर समाधानकारक नाही; ठेकेदारानं समितीसमोर जे मान्य केलं, त्यावर काय केलं ते सांगा. मग सभागृहात एका खासदारानं प्रश्न विचारला आणि मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागलं. त्यानंतर चक्रं हलली. चोरीचा ठपका पुसला गेला. तिघेही कामगार होते असं ठरलं. मोरेश्वरच्या बायकोला, राजूच्या आईला, आणि उत्तर प्रदेशातल्या त्या म्हाताऱ्या बापाला निवृत्तिवेतन सुरू झालं. बबनशेठ काही दिवस आत राहून जामिनावर सुटला. खटला अजून चालूच आहे.

त्या दिवसाचं लिहून घेतलेलं बोलणं मला वाचायला मिळालं, तेव्हा मी मावशीला वाचून दाखवलं. तिचं स्फोटाचं सांगणं आलं. बबनशेठचं 'चोरी करायला' आलं. मग कंसात एक शब्द आणि लगेच अध्यक्षबाईंचा प्रश्न.

"थांब," ती म्हणाली. "मी मारला ते कुटं हाय?"

"हे काय. कंसात. 'व्यवधान'."

"म्हंजे?"

"म्हणजे अडथळा. मध्ये थोडी गडबड झाली."

"येवरंच?" ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं. "माज्या पोटात लाथ बसली, त्याचं नाक मोरलं, जितूची पाठ फुटली. नि येवरंच?" मग तिनं मला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. व्यवधान. पुढे गावात कुणी भांडलं की ती म्हणायची, "व्यवधान करू काय?"

दोन वर्षांपूर्वी शेवंतामावशी गेली. झोपेत. गावात पहिल्यांदा कुणाचा विश्वासच बसेना, की ही बाई काही न मोडता गेली.

मी तिला शेवटचं पाहिलं ते त्याच्या आदल्या उन्हाळ्यात. अंबरनाथला आणखी एका कारखान्यात आग लागली होती. दुसरा कारखाना, दुसरा ठेकेदार. मी पोचले तेव्हा गेटसमोर जमाव होता, आत अजून धूर निघत होता आणि मालकाची गाडी बाहेर पडायला बघत होती. बायका गाडीपुढे झोपल्या होत्या. मागून कुणीतरी पहिला दगड मारला, काच फुटली, आणि मग दोन्ही बाजूंनी सुरू झालं. आतून सुरक्षारक्षक विटा फेकत होते, बाहेरून माणसं. पोलिसांच्या काठ्या मध्येच चालत होत्या.

त्या सगळ्याच्या ऐन मध्यावर, गाडीच्या पुढच्या चाकाला पाठ लावून मावशी बसली होती. तिच्या मांडीवर एक मुलगी पालथी पडली होती. वीस-बावीस वर्षांची असेल, परप्रांतातली. नवरा आत होता, तिला नुकतंच कळलं होतं. ती हंबरत होती आणि मावशी तिला काहीतरी सांगत होती. मराठीतच, कारण दुसरी भाषा तिला येत नव्हती. एक वीट येऊन मावशीच्या खांद्यावर आपटली. मी ओरडले, "मावशी, बाजूला ये." तिनं कोणी मारली ते वळून पाहिलं नाही, हात उचलला नाही. ती फक्त आणखी ओणवी झाली, आपलं रुंद अंग तिनं त्या पोरीवर पसरलं, तिचं डोकं छातीखाली घेतलं, आणि दगड पाठीवर पडत असताना तिच्या कानाशी बोलत राहिली.